प्रतिद्रव्य: माल चोख, पण ठेवायचं कशात?

वेष्टनावरचा आकडा खोटा नाही, हे आधी मान्य करू. १ ग्रॅम प्रतिद्रव्य, म्हणजे अँटिमॅटर (साध्या द्रव्याचाच उलट भाराच्या कणांचा जोडीदार), १ ग्रॅम साध्या द्रव्याला भिडलं की दोन्ही संपतात आणि सुमारे १८० लाख कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते. विजेच्या हिशेबात ५ कोटी युनिट. स्फोटकांच्या हिशेबात ४३ किलोटन टीएनटी, म्हणजे हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या जवळजवळ तिप्पट. युरेनियमच्या विखंडनात वस्तुमानाचा जेमतेम हजारावा भाग ऊर्जेत उतरतो, ड्यूटेरियम-ट्रिटियमच्या संमीलनात हजारातले चार. इथे सगळंच्या सगळं उतरतं. राख नाही, चोथा नाही. वजनाला याहून कसदार इंधन ठाऊक नाही.

मेख अशी की हा आकडा नुसत्या मालाचा आहे. डबा, झाकण, गारवा, ने-आण करायची गाडी, यातलं काहीच त्यात धरलेलं नाही. पेट्रोलची पारख करताना टाकीचा विचार सोडून दिला तरी फारसं बिघडत नाही, कारण टाकी म्हणजे शेवटी पत्र्याचा डबा. प्रतिद्रव्याच्या बाबतीत टाकीच सगळं ठरवते. म्हणून हे परीक्षण बरंचसं टाकीचंच आहे.

माल दोन प्रकारांत मिळतो. हलका प्रकार पॉझिट्रॉन: इलेक्ट्रॉनचंच वजन, पण भार धन. भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांच्या १९२८च्या समीकरणातून त्याची चाहूल लागली आणि १९३२मध्ये कार्ल अँडरसनना तो मेघकोठीत, म्हणजे कणांच्या वाटा उमटवणाऱ्या पेटीत, शिशाच्या पातळ पत्र्यातून आरपार जाताना दिसला. जड प्रकार अँटिप्रोटॉन: १९५५मध्ये बर्कलीच्या बेव्हाट्रॉन त्वरकावर सापडलेला, पॉझिट्रॉनच्या १८३६ पट जड. दोन्ही जोडले की अँटिहायड्रोजन होतो; त्याचे पहिले ९ अणू १९९५मध्ये सेर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेला मिळाले. इंधन किंवा शस्त्र म्हणून ज्याची चर्चा होते तो बहुतेक वेळा जड प्रकार. पॉझिट्रॉन काही किरणोत्सारी पदार्थांतून आपसूक सुटतात. अँटिप्रोटॉनसाठी कारखानाच लागतो.

असा कारखाना आज जगात एकच चालू आहे, जिनिव्हाजवळ सेर्नमध्ये. त्याचं यंत्र, अँटिप्रोटॉन डीसेलरेटर, २०००पासून कामात आहे. नावातच गंमत आहे: बाकीचे सगळे वेग वाढवतात, हा कमी करतो. प्रक्रिया अशी. साधारण १५ लाख कोटी प्रोटॉनांचा एक झोत २६ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे कणांच्या ऊर्जेचं एकक) वेगात आणून इरिडियमच्या सळईवर आदळतात. टकरीत नव्या कणांचा फवारा उडतो. त्यात बहुतांश पायॉन नावाचे अल्पायुषी कण, आणि क्वचित एखादी प्रोटॉन-अँटिप्रोटॉनची जोडी. जोडीच व्हावी लागते, एकटा अँटिप्रोटॉन निसर्ग करू देत नाही. म्हणूनच स्थिर लक्ष्यावर आदळणाऱ्या प्रोटॉनकडे किमान ५.६ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट गतिज ऊर्जा हवी, आणि भरपूर पीक हवं तर त्याच्या कितीतरी वर जावं लागतं. फवारा सगळीकडे पसरतो. चुंबकीय कर्णा त्याला जमेल तितका एकवटतो, पण पुढच्या कड्यात ठरावीक संवेगाच्या अरुंद पट्टीतलेच कण शिरतात. बाकीचे भिंतीत जातात.

मग सावकाश करण्याचं काम. इथे नवख्याला एक गोष्ट खटकते: झोत हळू केला की तो फुगतो. प्रत्येक टप्प्याला त्याला थंड, म्हणजे शिस्तीत, आणावं लागतं. वेग जास्त असताना भौतिकशास्त्रज्ञ व्हॅन डर मीर यांची पद्धत वापरतात: कड्याच्या एका बाजूला झोताची चूक मोजायची आणि इशारा आडव्या वाटेने पलीकडे पाठवून कण तिथे पोचायच्या आत दुरुस्ती करायची. वेग कमी झाल्यावर शेजारून थंड इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतात. अँटिप्रोटॉन आपली उष्णता त्यांना देऊन मोकळे होतात. सुमारे ११० सेकंदांच्या एका फेरीअखेर ५.३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे ३ कोटी अँटिप्रोटॉन हातात येतात. ३० मीटर घेराचं एलेना नावाचं धाकटं कडं त्यांना आणखी खाली, १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर आणतं. एलेनापूर्वी हेच काम पातळ पत्रा मध्ये धरून करावं लागे आणि ९९ टक्क्यांहून जास्त माल पत्र्यातच जळून जाई. गेल्या काही वर्षांतली कारखान्यातली सर्वांत उपयोगी सुधारणा कुठली विचाराल, तर हे धाकटं कडं.

आता ताळेबंद. ३ कोटी अँटिप्रोटॉन जाळले तर सुमारे ९ मिलिज्यूल मिळतात. १ ग्रॅमचा खडा मीटरभर उंचीवरून जमिनीवर पडला की साधारण तेवढीच ऊर्जा सुटते. त्यासाठी प्रोटॉनांच्या झोतात घातलेली ऊर्जा सुमारे ६२ हजार ज्यूल. म्हणजे १ ज्यूल परत घ्यायला ७० लाख ज्यूल टाकायचे. आणि यात फक्त झोताची ऊर्जा धरली, चुंबकं, पंप, शीतयंत्रं यांची वीज मोजलेलीच नाही. प्रतिद्रव्य हा ऊर्जेचा स्रोत नव्हेच, ऊर्जा साठवायचा डबा आहे. उगम म्हणून त्याची जाहिरात कोणी केली तर तिथेच थांबावं.

वेळेचा हिशेब याहून बोलका आहे. १ ग्रॅममध्ये ६ वर २३ शून्यं इतके अँटिप्रोटॉन. याच गतीने रात्रंदिवस, एकही सुटी न घेता कारखाना चालवला तर ते जमवायला ७००० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १३८० कोटी. इथे यंत्राला दोष देता येत नाही. ते मोजमापाच्या प्रयोगांसाठी बांधलंय, साठा करायला नव्हे, आणि मुद्दाम उत्पादनासाठी बांधलेलं यंत्र कितीतरी पट सरस ठरू शकेल. पण हजार पट सरस धरलं तरी ग्रॅमला ७ कोटी वर्षं उरतात.

आता डबा.

अँटिप्रोटॉनला भिंत लागली की संपला. म्हणून त्याला भिंतीविना धरायचं. नुसत्या स्थिर विद्युत क्षेत्राने भारित कण एका जागी धरता येत नाही, हा जुना सिद्धांत आहे. कुठल्या ना कुठल्या दिशेला तो निसटतोच. उपाय म्हणजे पेनिंग सापळा. लांबट नळी, तिच्या अक्षावर जोरदार चुंबकीय क्षेत्र, दोन्ही टोकांना व्होल्टेज दिलेली कडी. चुंबकीय क्षेत्र कणाला बाजूला जाऊ देत नाही, टोकांचं व्होल्टेज पुढे-मागे जाऊ देत नाही. नळी द्रवरूप हेलियमच्या तापमानाला, म्हणजे ४ केल्विनच्या आसपास ठेवतात. यात दुहेरी फायदा: चुंबक अतिवाहक राहतं, म्हणजे त्यातून वीज विनारोध वाहते, आणि नळीतला उरलासुरला वायू भिंतीवर गोठून बसतो. निर्वात इतकं कडक मिळतं की सेर्नच्या बेस प्रयोगाने अँटिप्रोटॉन ४०५ दिवस जिवंत ठेवले होते. वस्तूच्या टिकाऊपणाला इथे पैकीच्या पैकी गुण.

भरायची रीतही बघण्याजोगी आहे. सापळ्यात आधी इलेक्ट्रॉन भरून ठेवतात; ते चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत प्रकाश टाकून आपोआप थंड होतात. मग मागचं व्होल्टेज वर, पुढचं खाली ठेवून अँटिप्रोटॉनांचा झोत आत घेतात आणि तो मागून उलटून यायच्या आत, मायक्रोसेकंदाच्या हिशेबात, पुढचं व्होल्टेज चढवतात. दार लावायला उशीर झाला तर आलेले तसेच परत. आत अडकलेले थंड इलेक्ट्रॉनांत मिसळून निवतात, आणि शेवटी विजेचा एक बारीक झटका देऊन हलके इलेक्ट्रॉन बाहेर हुसकावतात. जड अँटिप्रोटॉन जागचे हलत नाहीत.

इथपर्यंत सगळं छान. अडचण क्षमतेची आहे, आणि ती कारागिरीची नसून निसर्गनियमाची आहे. एकाच भाराचे कण एकमेकांना ढकलतात. दिलेल्या चुंबकीय क्षेत्रात किती दाटीने कोंबता येतील याला कमाल मर्यादा आहे. तिला ब्रियुआँ मर्यादा म्हणतात. ५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) चुंबकात ती घन सेंटिमीटरला ६६०० कोटी अँटिप्रोटॉन इतकी येते. ऐकायला भरपूर, पण वजन करून पाहा: अख्ख्या १ घनमीटरमध्ये ०.११ मायक्रोग्राम. ते सगळं जाळलं तर २ कोटी ज्यूल. तेवढी ऊर्जा अर्ध्या लिटरहून थोड्या जास्त पेट्रोलमध्ये असते.

म्हणजे घनमीटरभर अतिवाहक चुंबक, हेलियम, निर्वात, आणि त्यात अर्धा लिटर पेट्रोल.

ही मर्यादा उलगडून पाहिली तर आणखी एक मजा निघते. मर्यादेवर असलेल्या कणांच्या वस्तुमानातली ऊर्जा बरोबर तेवढीच भरते, जेवढी त्या जागेतल्या चुंबकीय क्षेत्रात आधीच साठलेली असते. ५ टेस्लाला घनमीटरमागे सुमारे १ कोटी ज्यूल क्षेत्रात, तेवढेच कणांत. साध्या द्रव्याशी भेटल्यावर दुप्पट होतात म्हणून २ कोटी. सरळ सांगायचं तर डब्यात माल जितका, तितकाच खुद्द डब्याच्या भिंतीत भरलेला. हलका प्रकार घेऊन सुटका होईल म्हणावं, तर तीही वाट बंद: पॉझिट्रॉन १८३६ पट जास्त संख्येने मावतात, पण एकेकाचं वजन तितक्याच पट कमी. बेरीज तीच. क्षेत्र दुप्पट केलं तर क्षमता चौपट होते, पण १० टेस्लालाही घनमीटरमागे जेमतेम सव्वादोन लिटर पेट्रोल.

आणि ही मर्यादासुद्धा कागदावरची. अर्ध्या मीटर त्रिज्येच्या नळीत इतका भार खरोखर भरला तर मध्य आणि कड यांच्यात साडेसात कोटी व्होल्टचा फरक पडतो. टोकांची झाकणं त्याहून जास्त व्होल्टची हवीत, नाहीतर माल टोकातून वाहून जाईल. प्रयोगशाळेतली झाकणं काही शे ते काही हजार व्होल्टची असतात. एका जाड नळीऐवजी केसासारख्या हजारो बारीक नळ्या शेजारीशेजारी लावायची कल्पना आहे. व्होल्टेजचा प्रश्न त्याने सुटतो, पण मधल्या भिंती जागा खातात. सेर्नमधल्या पुमा प्रयोगाचं उद्दिष्ट एका सापळ्यात १ अब्ज अँटिप्रोटॉन भरण्याचं आहे. ते सगळे एकदम जळाले तर ०.३ ज्यूल.

भारच नको, अँटिहायड्रोजन साठवू, हा पुढचा प्रस्ताव. अणू तटस्थ असल्याने एकमेकांना ढकलत नाहीत, दाटी हवी तेवढी. पण मग धरायचं कशाने? अणूचा चुंबकीय आघूर्ण, म्हणजे त्याचं स्वतःचं चुंबकत्व, अगदी क्षीण असतो. अष्टध्रुवी चुंबकाच्या सापळ्याची खोली तापमानात मोजली तर अर्ध्या केल्विनच्या आसपास भरते. त्याहून किंचित गरम अणू काठावरून उडी मारून जातो. सेर्नच्या अल्फा गटाच्या एका नेहमीच्या खेपेत सुमारे ९० हजार अँटिप्रोटॉन ३० लाख पॉझिट्रॉनांत मिसळतात, त्यातून हजारोंनी अणू तयार होतात, आणि सापळ्यात उरतात २०च्या आसपास. २०१०मध्ये ३८ अणू सेकंदाच्या सहाव्या हिश्शाइतका वेळ धरले, ही मोठी बातमी होती. पुढच्याच वर्षी १००० सेकंद धरता आले. वाटचाल थक्क करणारी आहे यात शंका नाही. पण बर्फाच्या खड्यासारखं घट्ट प्रतिद्रव्य हवं तर आधी दोन अणू जोडून रेणू करावा लागेल, आणि अँटिहायड्रोजनचा रेणू अजून कुणी केलेला नाही. जोडताना सुटणारी उष्णता कुठे घालवायची? साध्या हायड्रोजनला भांड्याची भिंत ती उष्णता घेते. इथे भिंत चालत नाही. शिवाय रेणू झाला की अणूचा तो क्षीण आघूर्णही जवळजवळ मावळतो, म्हणजे सापळा नव्याने शोधा.

(जाता जाता: प्रतिद्रव्य वर पडतं, म्हणून त्यावर उडणारी अंतराळयानं होतील, असं छातीठोक सांगणारे अजून भेटतात. २०२३मध्ये अल्फा गटाने अणू सोडून पाहिले. खालीच पडतात.)

बिघाड कसे होतात हेही घेणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं. सर्वांत साधा बिघाड निर्वाताचा: हेलियम संपत आलं, नळी काही अंशांनी तापली, की भिंतीवर गोठलेला वायू सुटतो आणि माल झिजायला लागतो. दुसरा चुंबकाचा: अतिवाहक वायंडिंगचा एखादा तुकडा तापला तर सगळी साठलेली ऊर्जा उष्णतेत उतरते आणि क्षेत्र कोसळतं. तिसरा सूक्ष्म आहे. नळीचा अक्ष आणि चुंबकीय क्षेत्राचा अक्ष यांत केसभर तिरपेपणा राहिला तर कणांचा ढग गिरक्या घेताघेता हळूहळू रुंद होतो आणि एक दिवस भिंतीला टेकतो. उपाय म्हणून कड्याचे तुकडे करून त्यांवर फिरतं व्होल्टेज लावतात. ढग पुन्हा आवळला जातो. बिघाड झाल्याचा आवाज येत नाही. बाहेर लावलेल्या शोधकांवर पायॉनांच्या खुणा एकदम दाटीने उमटतात आणि मोजणीयंत्राचा आकडा चढतो, एवढंच.

वाहतूक हा एकच भाग असा, जिथे अपेक्षेपेक्षा बरं काम दिसतं. बेस गटाने मालवाहू ट्रकवर चढेल असा, टनाच्या घरातला सापळा बांधला. ऑक्टोबर २०२४मध्ये त्यात ७० साधे प्रोटॉन भरून सेर्नच्या आवारात ट्रकवरून फिरवले आणि एकही न सांडता परत आणले. साधे प्रोटॉन का? सापळ्याला फरक पडत नाही, झाकणांचं व्होल्टेज उलटं केलं की झालं. तालमीसाठी महाग माल कोण वापरेल. बाहेरची वीज नसताना यंत्र ४ तास तग धरतं. माल जिथे न्यायचा आहे त्या जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या प्रयोगशाळेपर्यंतचा रस्ता किमान ८ तासांचा आहे, आणि तेवढा वेळ चुंबक ८.२ केल्विनच्या खाली राहायला हवं. म्हणजे ट्रकवर जनित्र आणि शीतयंत्र आलं. मुक्कामी पोचल्यावर एका सापळ्यातून दुसऱ्यात ओतायचं काम वेगळंच, आणि तज्ज्ञांच्या मते खरी परीक्षा तिथेच आहे.

आता इंधन म्हणून. अँटिप्रोटॉन प्रोटॉनला भेटला की प्रकाश निघतो हा गैरसमज आहे. तो पॉझिट्रॉनचा गुण. इथे सरासरी ५ पायॉन निघतात, ३ भारित, २ तटस्थ. तटस्थ पायॉन जागच्या जागी गॅमा किरणांत फुटतात आणि सुमारे एक तृतीयांशाहून जास्त ऊर्जा घेऊन जातात. हे गॅमा किरण वळत नाहीत, परावर्तित होत नाहीत. सगळीकडे फाकतात आणि जे यानाच्या दिशेने येतात ते यान तापवतात. पॉझिट्रॉनच्या गॅमा प्रकाशावर चालणारं यान १९५०च्या दशकात सुचवलं गेलं होतं, ते याच कारणाने अडलं: असा आरसाच नाही. भारित पायॉन मात्र कामाचे. ते प्रकाशाच्या ९० टक्क्यांहून जास्त वेगाने सुटतात, आणि फुटण्याआधी २० मीटरच्या आसपास जातात. तेवढ्या अंतरात चुंबकीय नोझलने त्यांना मागे वळवलं तर धक्का मिळतो. हाती लागते ती त्यांची गतिज ऊर्जा, एकूण ऊर्जेच्या ४० टक्क्यांच्या घरात, आणि तीही नोझल आदर्श असेल तर. निर्गमवेग, म्हणजे नोझलमधून मागे सुटणाऱ्या कणांचा वेग, किती मिळेल यावर जुनी गणितं प्रकाशाच्या ०.३३ पट सांगत. २०१२च्या संगणकीय अभ्यासात नोझल सुधारून ०.६९ पट निघाला. रासायनिक रॉकेटशी तुलनाच नाही.

पण टाकी आठवा. १०० टनांच्या रिकाम्या यानाला प्रकाशाच्या दहाव्या हिश्शाइतका वेग द्यायचा तर ०.३३च्या निर्गमवेगाने किमान ३५ टन इंधन लागतं, त्यातलं निम्मं प्रतिद्रव्य. १ ग्रॅमला ९० लाख घनमीटर टाकी लागते, हे वरच्या मर्यादेवरून निघतं. साडेसतरा टनांचं गणित ज्याचं त्याने करावं.

एक प्रस्ताव मात्र आम्हाला गंभीर वाटतो: प्रतिद्रव्य सरपण म्हणून न वापरता काडी म्हणून वापरायचं. अँटिप्रोटॉन युरेनियमच्या केंद्रकात शिरून विलीन झाला की केंद्रक फुटतं आणि सुमारे १६ न्यूट्रॉन उधळतात. नेहमीच्या विखंडनात २ ते ३. युरेनियम आणि हायड्रोजनच्या छोट्या गोळ्या दाबून त्यांवर अँटिप्रोटॉन सोडले की साखळी पटकन पेटते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या आयकॅन-२ आराखड्यात मंगळाच्या ३० दिवसांच्या फेरीला १४० नॅनोग्रॅम पुरतात असा हिशेब आहे. ऊर्जा सगळी युरेनियमची, प्रतिद्रव्य फक्त ठिणगी. टाकी आदर्श मर्यादेला सव्वा घनमीटर, म्हणजे यानात बसणारी. अडतं ते उत्पादनावर: आजच्या गतीने १४० नॅनोग्रॅम जमवायला १० हजार वर्षं. सगळ्या प्रस्तावांत अंतर सर्वांत कमी इथेच आहे, तरी ते १० हजार वर्षांचं आहे.

शस्त्र म्हणून परीक्षण थोडक्यात आटोपतं. १ ग्रॅमच्या बॉम्बसाठी २०० मीटर बाजूचा चौकोनी ठोकळा भरेल एवढं ५ टेस्लाचं क्षेत्र हवं, आणि त्या क्षेत्रातच २१ किलोटनाच्या तोडीची ऊर्जा आधीपासून बसलेली असेल. मालापेक्षा चुंबकाचीच भीती बाळगावी अशी स्थिती. त्यापेक्षा लहान, म्हणजे हायड्रोजन बॉम्बमध्ये विखंडनाच्या काडीऐवजी मायक्रोग्रामभर अँटिप्रोटॉन वापरायची कल्पना १९८०च्या दशकात मांडली गेली. १ मायक्रोग्राम म्हणजे ४३ किलो टीएनटी. टाकी ९ घनमीटर, शीतयंत्र वेगळं, आणि साठा जमायला आजच्या गतीने ७० हजार वर्षं. ज्या कामाला हातात उचलता येणारा प्लुटोनियमचा गोळा पुरतो, त्यासाठी खोलीभर यंत्र.

सैन्याच्या दृष्टीने खरा दोष दुसराच. अण्वस्त्र मुद्दाम, ठरलेल्या क्रमाने पेटवावं लागतं. वीज गेली, पडलं, आगीत सापडलं, तर बहुतेक वेळा काही होत नाही, आणि सुरक्षेची सगळी रचना त्यावर उभी आहे. प्रतिद्रव्याचं उलट. त्याला न उडवण्यासाठी क्षणोक्षणी वीज, हेलियम आणि निर्वात लागतं. कोठारातलं शीतयंत्र बिघडलं की शस्त्र आपल्याच कोठारात उडतं. वर स्फोटही हवा तसा होत नाही: दोन्ही द्रव्यं जिथे भिडतात तिथल्या पातळ थरातली ऊर्जा उरलेल्यांना एकमेकांपासून दूर फेकते, आणि पायॉन फुटून निघालेले गॅमा किरण हवेत शेकडो मीटर जाऊन मग ऊर्जा सोडतात. धाक जरूर मोठा, पण शस्त्राला लागणारा हुकूम पाळण्याचा गुण नाही.

मग घ्यावं काय? रुग्णालयात रोज वापरलं जाणारं प्रतिद्रव्य घ्यावं, ज्याला पेट स्कॅन म्हणतात. फ्लोरिन-१८ लावलेली साखर शिरेतून देतात, साधारण ३७० मेगाबेकरेल (बेकरेल हे किरणोत्साराचं एकक). गाठीच्या पेशी साखर जास्त ओढतात, तिथे फ्लोरिन जमतं. जवळजवळ प्रत्येक फ्लोरिन केंद्रकातून पॉझिट्रॉन सुटतो, मिलिमीटरभराच्या आत इलेक्ट्रॉनला भेटतो आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण जवळजवळ विरुद्ध दिशांना जातात. भोवतालच्या कड्यातल्या स्फटिकांनी ते दोन्ही एकाच वेळी, काही नॅनोसेकंदांच्या आत पकडले की त्या दोन स्फटिकांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी ही भेट झाली हे कळतं. अशा लाखो रेषांतून चित्र उभं राहतं, ४ ते ५ मिलिमीटरपर्यंत रेखीव. त्याहून बारीक न होण्याचं एक कारण वर आलंच: दोन किरण ‘जवळजवळ’ विरुद्ध जातात, नेमके नाही, कारण भेटीच्या क्षणी इलेक्ट्रॉन स्थिर नसतो.

इथेही बिघाड आहेतच, पण माणसाच्या आवाक्यातले. रक्तात साखर जास्त असेल तर ती औषधी साखरेशी स्पर्धा करते आणि गाठ फिकी दिसते. म्हणून ४ ते ६ तास उपाशी ठेवतात. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम केला तर स्नायू उजळतात. औषध दिल्यानंतरच्या तासाभरात खूप बोलणं झालं तर घशाचे स्नायू उजळतात आणि वाचणाऱ्याला शंका येते. औषध शिरेबाहेर पाझरलं तर दंडावर मोठा डाग येतो आणि बाकीचं मोजमाप चुकतं.

आकड्यांत पाहिलं तर या एका इंजेक्शनमध्ये शेवटी ३ लाख कोटींहून जास्त पॉझिट्रॉन निघतात आणि त्यांच्या विलोपनाची, म्हणजे इलेक्ट्रॉनला भिडून संपण्याची, ऊर्जा अर्धा ज्यूल भरते. सेर्नच्या यंत्राला तेवढी ऊर्जा जमवायला २ तास लागतात. आणि साठवायचा प्रश्नच नाही. पॉझिट्रॉन कुपीत नसतोच. तो केंद्रक फुटेल त्या क्षणी, जिथे हवा तिथेच जन्मतो. डबा म्हणजे फ्लोरिनचं केंद्रक. ना चुंबक लागतं ना हेलियम, शिशाचं जाडसर भांडं पुरतं. गैरसोय एकच: अर्धायुष्य ११० मिनिटांचं. सकाळी ७ला सायक्लोट्रॉनवरून, म्हणजे हे फ्लोरिन बनवणाऱ्या त्वरकावरून, निघालेल्या कुपीत संध्याकाळी ६ला चौसष्टावा भाग उरतो, म्हणून रुग्ण कुपीच्या वेळेला हजर हवा; कुपी रुग्णासाठी थांबत नाही.